सायमन आधी वाचावा की मोलो?

पत्त्यांतला ब्रिज बऱ्यापैकी खेळता येतो, स्क्वीझचं (समोरच्याला कामाचा पत्ता टाकायला लावणाऱ्या डावपेचाचं) नाव ऐकून घाम फुटत नाही, आणि आता काहीतरी वाचायला हवंय, तेही हसवणारं. असं कुणी म्हणालं की मी दोन नावं सांगतो. एस. जे. सायमनचं 'व्हाय यू लूज ॲट ब्रिज' (1945) आणि व्हिक्टर मोलोचं 'ब्रिज इन द मेनेजरी' (1965). दोन्ही माझ्या कपाटात आहेत. एकाचा पुठ्ठा सुटलाय, दुसरं अजून कोरं दिसतं.

गंमत म्हणजे दोघंही जन्माने इंग्रज नव्हेत. मोलो सेंट पीटर्सबर्गचा. सायमन मांचुरियातल्या हार्बिन शहरात रशियन घरात जन्मलेला, मूळ आडनाव स्किडेल्स्की. दोघांची हयात मात्र लंडनच्या क्लबांत पत्ते पिसण्यात गेली. इंग्लंडात आजही खेळली जाणारी ॲकॉल ही बोली लावण्याची (किती फेऱ्या, म्हणजे 'हात', जिंकू ते आधी सांगण्याची) पद्धत ज्यांनी बसवली, त्यांत जॅक मार्क्सबरोबर सायमनचं नाव येतं. पण हा गडी विनोदी कादंबरीकारही होता. कॅरिल ब्राह्म्स या बाईंबरोबर त्याने 'अ बुलेट इन द बॅले' लिहिली, मग 'नो बेड फॉर बेकन', ज्यात शेक्सपिअरला स्वतःच्या नावाचं स्पेलिंग काही ठरवता येत नाही. हे सांगतोय ते अशासाठी की कादंबरीकाराची नजर त्याच्या ब्रिजच्या पुस्तकातही सुटलेली नाही. तो आधी माणूस बघतो, त्याच्या हातातले पत्ते नंतर.

आता मोलो. नुसतं हसायचंच असेल तर मोलो वरचढ, हे मी आधीच कबूल करतो. त्याच्या ग्रिफिन्स क्लबात सगळे प्राणी जमलेत. हिडिअस हॉग उर्मट, पण खेळात बाप; प्रत्येक डाव आपल्याच हातून खेळला जावा म्हणून धडपडणारा. रूफुल रॅबिटला काही म्हणता काही येत नाही, तरी तो चुकीचा पत्ता टाकतो आणि नेमका तोच बरोबर ठरतो. पापा ग्रीक स्वतःच्या हुशारीत गुरफटून पडतो. आणि सेक्रेटरी बर्ड! नियमपुस्तक काढून नियमावर बोट ठेवणार, आणि त्या नियमाने नुकसान बहुतेक वेळा त्याचंच होणार. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला असा एक पक्षी दर महिन्याला येतो.

मग अडलं कुठे? पानं उलटण्यात. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण माझा निर्णय तिथेच झाला. मोलोची गोष्ट चारही खेळाडूंच्या पत्त्यांच्या आकृतीवर उभी असते. आकृती एका पानावर, आणि सातव्या हाताला हॉगने चौकटची दुर्री का टाकली ते पान उलटल्यावर. मग डाव्या हाताचं बोट आकृतीत, उजव्या हातात कप, कुणाकडे इस्पिकची राणी उरली ते मनात मोजायचं, बोट निसटतं, पान मिटतं, चहावर साय धरते. विनोदाच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर मी हिशेबनिसासारखा दमलेला. फोनवरही वाचून पाहिलं, तिथे आकृतीतल्या ओळीच विस्कटल्या. कदाचित तुमची पत्त्यांची नजर माझ्याहून पक्की असेल, तर हा त्रास तुम्हाला होणारही नाही.

आकृत्या सायमनकडेही आहेत, शेवटच्या भागात तर पुष्कळ. पण निम्म्याहून जास्त पुस्तक मी बसमध्ये उभ्याने वाचलंय. कारण त्याचा मुद्दा पत्त्यांत नसून टेबलाभोवतीच्या चौघांत आहे. मिसेस गुगनहाइम, ज्यांना फारसं काही येत नाही आणि ते त्यांनाही ठाऊक आहे. मिस्टर स्मग, ज्यांना ते ठाऊक नाही. फ्युटाइल विली, ज्याचं पुस्तकी ज्ञान जास्त आणि वकूब कमी. आणि अनलकी एक्सपर्ट, जो सगळ्यांत चांगला खेळतो आणि तरी हरतो, कारण समोर कोण बसलंय हे त्याच्या हिशेबात नसतं. सायमन म्हणतो, जगात शक्य असेल तो सर्वोत्तम निकाल सोडा. या भिडूबरोबर जेवढं पदरात पडेल तेवढं घ्या.

याचा पडताळा मला आमच्या गुरुवारच्या बैठकीत आला. माझे नेहमीचे भिडू वयाने वडील, त्यामुळे बोलायची सोय नाही. मी एक इस्पिक म्हटलं (म्हणजे इस्पिक हुकूम करून सात हात जिंकण्याची बोली), त्यांनी ती तीनवर नेली. माझ्याकडे किलवरचा एकटा एक्का. स्लॅमचा (बारा किंवा तेराही हात जिंकण्याचा) वास आला म्हणून ऐटीत चार किलवर म्हणालो, एक्का आहे हे कळावं म्हणून. काकांनी चष्मा सारखा केला, पत्ते पुन्हा मोजले आणि 'पास' म्हणाले, म्हणजे किलवरच हुकूम ठरलं. दोघांत मिळून किलवरचे पत्ते चार! बोलीला पाच हात कमी पडले. वर ते मलाच म्हणतात, "तुमच्याकडे किलवर बरीच असतील असं वाटलं हो."

सायमन वाचून झाल्यावर तसाच डाव आला, तेव्हा मुकाट्याने चार इस्पिक म्हणून गप्प बसलो. बारा हात झाले. स्लॅम गेला, पण गेमचे गुण वहीत मांडले गेले. वहीच सांगायची तर तेव्हापासून आमची बाजू बहुतेक महिने वर आहे. ह्याला पुरावा म्हणत नाही, पत्ते खराब येण्याचे दिवसही असतात.

तेव्हा एकच घ्यायचं असेल तर माझ्या मते सायमन. मोलो दिवाळीच्या सुट्टीत, टेबलावर पुस्तक उघडं ठेवून, शेजारी खरा कॅट मांडून वाचावा. तसा वाचला तर फार गोड लागतो. एक सावधगिरी मात्र बाळगा: सायमन भिडूला वाचायला देऊ नका. मी दिला. काकांनी पंधरा दिवसांनी परत केला, तेव्हा मिसेस गुगनहाइमच्या पानांवर काहीच खूण नव्हती. फ्युटाइल विली जिथे जिथे येतो, तिथे समासात पेन्सिलीने माझं नाव होतं.