स्नॅप फोर-डीएक्स प्लस: आठ मिनिटांत उत्तर, पण अर्धंच

आयडेक्स कंपनीचं कुत्र्यांच्या रक्ततपासणीचं हे कीट वापरायला सोपं आहे. तीन थेंब रक्त, चार थेंब कॉन्ज्युगेट (कीटसोबतचं द्रावण), नळी चार-पाच वेळा उलटसुलट करून खाचेत ओतायचं, गोल खिडकीत रंग दिसू लागताच बटण दाबायचं आणि आठव्या मिनिटाला वाचायचं. चुका होतात त्या घाईपोटी. कीट फ्रीजमधून काढून लगेच वापरलं जातं, बटण उशिरा दाबलं जातं किंवा निकाल अर्ध्या तासाने पाहिला जातो. फिकट ठिपकाही पॉझिटिव्हच धरायचा, मात्र तो दुसऱ्या पद्धतीने पक्का करून घ्यायचा.

हार्टवर्मसाठी, म्हणजे डासातून पसरणाऱ्या, हृदय आणि फुप्फुसाच्या धमनीत राहणाऱ्या जंतासाठी, आम्ही पाचपैकी साडेतीन गुण देऊ. कीट प्रत्यक्ष जंत पकडत नाही, तर वाढ झालेल्या मादीने रक्तात सोडलेलं प्रथिन पकडतं. डास चावल्यापासून त्याला साधारण सहा महिने लागतात, म्हणून सात महिन्यांखालच्या पिल्लावर हा खर्च वाया जातो. नुसते नर असतील किंवा माद्या अगदी कमी असतील, तरी निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. शिवाय भारतात त्वचेखाली राहणारा डायरोफिलेरिया रेपेन्स हा त्याचा भाऊबंद जंतही आढळतो. हे कीट त्याच्यासाठी नाही.

म्हणून जांभळ्या झाकणाच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त घेतलंच आहे, तर नॉट्स टेस्टही मागा. १ मिली रक्त २ टक्क्यांच्या ९ मिली फॉर्मॅलिनमध्ये मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तळाचा गाळ मेथिलीन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जंतांची पिल्लं तिथे दिसतात.

पॉझिटिव्ह आल्यावर घाबरून औषध सुरू करू नका. रक्तात पिल्लं खूप असतील तर ती एकदम मेल्याने कुत्रा शॉकमध्ये जाऊ शकतो. मोठे जंत मेले की त्यांचे तुकडे फुप्फुसाच्या धमनीत अडकतात. त्यामुळे उपचारानंतर निदान सहा ते आठ आठवडे पळणं, जिने, बॉल सगळं बंद. लघवीपुरतं पट्ट्याने बाहेर न्यायचं. छातीचा एक्स-रे आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) आधीच करून घ्या. खोकला, धाप, पोट फुगणं ही बिघाडाची चिन्हं आहेत. लघवी कॉफीसारखी झाली आणि कुत्रा कोसळला, तर जंत हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि मोठ्या शिरेत गुंतलेत असं समजा. तिथे गोळीचा उपयोग नाही. मानेच्या शिरेतून ते काढावे लागतात, तेही तातडीने.

मेडिकलमधली माणसांची आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाची गोळी तोडून देणं फार धोक्याचं आहे. प्रतिबंधाचा मासिक डोस किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. १० किलोच्या कुत्र्याला १२ मिलीग्रॅमची एक गोळी म्हणजे त्याच्या २०० पट! कोली जातीत तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

गोचीडतापापैकी एर्लिकिया आणि ॲनाप्लाझ्मा याच कीटमध्ये कळतात, ही जमेची बाजू. बेबेसिया हा गोचीडतापाचा प्रकार मात्र यात नाही; ताप असेल तर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी पाहायला सांगा.

मुळा-मुठेकाठी, जलपर्णीजवळ राहणाऱ्यांनी कुत्र्याची प्रतिबंधाची मासिक गोळी बाराही महिने चालू ठेवावी. मध्ये दोन-तीन महिने चुकले असतील, तर टेस्ट आज एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा करा.