बंदराच्या गेटवर "काय विसरलं का दादा?" असं विचारणाऱ्यापासून सांभाळा

मुंबईहून क्रूझने जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावं म्हणून हे लिहितोय. लिहिताना लाज वाटते. सव्वीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली, पावती घेतल्याशिवाय कुणाला रुपया दिला नाही, आणि बॅलार्ड पिअरच्या, म्हणजे जिथून क्रूझ सुटते त्या बंदराच्या, बाहेर पाऊण तासात १२,९४० रुपये माझ्याच हातांनी देऊन आलो. घरचे म्हणतात, जाऊ दे आता. मला जाऊ द्यायचं नाही.

आईला पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून आम्ही दोघा भावांनी पैसे जमवून मुंबई–गोवा क्रूझ काढली होती. आईने समुद्र पाहिला होता, पण बोटीत कधी बसली नव्हती. साताऱ्याहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली आणि रविवारी सकाळी सीएसएमटीला उतरलो. दुपारी साडेबाराचं रिपोर्टिंग, म्हणून तोंड धुणं, चहा-नाश्ता, सगळं स्टेशनच्या आसपासच उरकलं. चार तास आम्ही त्या भागात बसून होतो हे लक्षात ठेवा, पुढे ते मला फार लागलं.

सकाळची गोळी बायकोने पुडीत बांधून पर्समध्ये ठेवली होती. आईने ती नाश्त्यानंतर घेतली. त्यामुळे गोळ्यांचा डबाच बरोबर नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गेटपाशी टॅक्सीतून सामान उतरवताना बायको म्हणाली, "अहो, डबा कुठल्या बॅगेत ठेवलात?" मी कुठल्याच ठेवला नव्हता. शेजाऱ्यांना फोन केला, त्यांनी किल्ली घेऊन दार उघडून बघितलं. डबा फ्रिजवर. बीपीची, शुगरची, थायरॉइडची, तिन्ही गोळ्या त्यात. चार्जरही घरीच राहिला होता, आणि जहाजात एसी फार असतो असं सगळे सांगत असताना आईची शालसुद्धा.

तेवढ्यात तो आला.

पंचेचाळीसच्या आसपासचा, पांढरा शर्ट, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, हातात प्रवाशांची यादी असावी तसे कागद. "काय विसरलं का दादा?" मग आईकडे वळून, "मावशी, तुम्ही सावलीत बसा." स्वतः जाऊन कुठूनशी प्लास्टिकची खुर्ची आणली. मला सांगा, अशा माणसावर संशय कसा घ्यायचा? साताऱ्याचे म्हटल्यावर म्हणाला, माझं आजोळ कोरेगावचं. बोलणं स्वच्छ आपल्याकडचं. ओळखपत्राची छापील बाजू मात्र सगळा वेळ छातीकडे होती. हे मला आज आठवतंय. तेव्हा मला फक्त फीत दिसली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. आज रविवार, सगळं बंद, उघडं मेडिकल थेट भायखळ्याला, जहाजात चढणाऱ्यांचा काउंटर दोनला बंद होतो, मी जहाजाच्या प्रवासी मदतीचाच माणूस आहे, टॅक्सी ओळखीची आहे. काउंटर प्रत्यक्षात तीनपर्यंत उघडा होता. तिकिटाच्या कागदावर तसं छापलेलं होतं आणि कागद माझ्या खिशात होता. पण त्या वेळी समोर बघाल तर बॅलार्ड इस्टेटच्या त्या दगडी इमारती, सगळ्यांची शटर खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो सगळा ऑफिसांचा भाग, रविवारी तिथे चहा मिळायची मारामार. त्यामुळे "सगळं बंद" हे खरंच वाटलं. नवख्या माणसाला काय कळणार की दोन-तीन रस्ते ओलांडले की चित्र वेगळं आहे?

बायको, आई आणि मुलगी सामानापाशी थांबल्या. मी एकटा गेलो. पहिली चूक ही. दोघं असतो तर एकाला तरी सुचलं असतं.

टॅक्सी पी. डिमेलो रोडला लागली, मस्जिद बंदरच्या बाजूला गेली, कुठल्या तरी पुलाखालून वळली, पुन्हा वळली. मीटर टाकलेलाच नव्हता. वीस मिनिटांनी एका गल्लीत थांबलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल, मागे खोकी. पाटी नाही, औषधाच्या दुकानात भिंतीला लावलेला परवाना असतो तो नाही, फ्रिज नाही. मुलीने डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवली होती, ती त्याने माझ्याच मोबाइलवर बघितली आणि खोक्यांतून गोळ्या काढल्या. तिन्ही गोळ्या मिळून २,३४०. "बोट लागते, ही घ्याच," म्हणून उलटीच्या गोळ्या ४८०. चार्जर १,२५०, कारण म्हणे जहाजावर ठरावीकच चार्जर चालतो. शाल १,६००. एकूण ५,६७०. घरी महिन्याच्या गोळ्यांना जेवढे लागतात त्याच्या दुपटीहून जास्त त्याने पाच दिवसांच्या गोळ्यांना लावले. मला ते कळत होतं. पण घड्याळात एक वाजत आला होता आणि डोळ्यांपुढे आई खुर्चीवर बसलेली दिसत होती.

क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं एका हार्डवेअरच्या दुकानाचं. औषधं विकणारा, आणि पैसे हार्डवेअरच्या खात्यात! मी विचारलंसुद्धा. "भावाचं खातं आहे." पिन टाकला. चक्र फिरत राहिलं. तो म्हणाला, माझ्याकडे काही आलं नाही, दुसऱ्या कोडवर करा, पहिले तासाभरात आपोआप परत येतात. दुसऱ्या कोडवर ५,६७० पुन्हा केले. दोन्ही वेळचे गेले. त्या दुसऱ्या पिनला मी दोन मिनिटं थांबून खात्यातली शिल्लक बघितली असती तर निम्मे तरी वाचले असते. पेमेंट अडकलं असं समोरचा म्हणाला की आधी स्वतःची शिल्लक बघा, त्याचं तोंड बघू नका.

परत गेटवर. टॅक्सीचे ६०० रोख, थांबण्याचे धरून. तो टॅक्सीतच माझ्याबरोबर होता, उतरल्यावर म्हणाला, एकदा बाहेर गेलेल्याला आत घ्यायचे पासचे १,००० लागतील. आम्ही अजून आत गेलोच नव्हतो! पण तेही पुढे आहे, कारण त्याआधी जे झालं ते मला रात्री झोपू देत नाही.

मी पिशवी आईच्या हातात दिली. तिने गोळ्या बाहेर काढल्या, चष्मा वर करून, पट्टी डोळ्यांजवळ धरून बघितल्या. म्हणाली, "अरे, ही बीपीची आपली नाही. आपली लांबट असते. आणि ही पट्टी बघ, कापलेली आहे."

पट्टी खरंच कापलेली होती. दहा गोळ्यांच्या पट्टीतून सहा, आणि कात्री अशी चालवलेली की मागच्या चंदेरी कागदावर औषधाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं तेवढी उरली होती. बॅच नंबर, मुदतीची तारीख, किंमत, सगळं कापलेल्या बाजूला गेलेलं. तिन्ही पट्ट्या तशाच. एखादी पट्टी चुकून तशी कापली जाईल, तीनही नाही. आईला हे दहा सेकंदांत दिसलं. तिचं शिक्षण सातवीपर्यंत.

आणि मी काय म्हणालो? "आई, तू गप्प बस. कंपनी वेगळी असते, औषध तेच असतं. आधीच उशीर झालाय." सगळ्यांसमोर. तो माणूस शेजारी उभा होता. आई काही बोलली नाही, पट्टी पिशवीत ठेवली. आणि मी त्याला हजार रुपये दिले. तो अजून तिथेच होता, टॅक्सीही तिथेच होती, बायको म्हणत होती जरा थांबा. त्या क्षणी मी त्याचा हात धरू शकत होतो. मी हजार दिले.

आत पास वगैरे कुणी विचारला नाही. संध्याकाळी आईला गोळी द्यायची तर बायकोने नकार दिला, आणि तिचं बरोबरच होतं. जहाजावरच्या डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली आणि खाली ठेवली. नाव, मुदत काही दिसत नाही, ही देऊ नका. त्यांची फी आणि त्यांच्याकडच्या गोळ्या मिळून ४,२५० रुपये झाले. म्हणजे एकूण १७,१९०. चार्जर दुसऱ्या रात्री तापून वास मारायला लागला.

फसल्याची खात्री पटली तेव्हा किनारा मागे पडला होता आणि मोबाइलला रेंज नव्हती. ऑनलाइन पैसे गेले की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तर आले. हे मला माहीत होतं. फोन लागला दुसऱ्या दिवशी, गोवा जवळ आल्यावर. या लोकांना ही गोष्ट पक्की ठाऊक असणार: जहाजात चढणारा माणूस तासा-दोन तासांत फोनच्या बाहेर जातो. म्हणून ते गेटवर उभे राहतात. शंका आली तर चढायच्या आधी, रेंज असेतोवर फोन करा, आत जाऊन बघू म्हणू नका.

मुंबईत परतल्यावर सगळ्यांना गाडीत बसवून दिलं आणि मी मागे राहिलो. पहिल्या ठाण्यात विचारलं, गेटच्या आत झालं की बाहेर? बाहेर. मग टॅक्सीत कुठपर्यंत गेलात? मस्जिद बंदरच्या बाजूला. मग तिकडे जा. तिकडच्यांनी विचारलं, पैसे कुठे मागितले? गेटवर. मग तिकडे जा. दोन्हीकडे मिळून साडेचार तास बाकड्यावर. एका साहेबांनी पट्टी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "तुम्ही स्वतः पैसे दिलेत, कुणी हिसकावून घेतले नाहीत." फसवणूक म्हणजे दुसरं काय असतं? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? आणि हद्दीचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायचीच आहे. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. हे मी घरी येऊन वाचलं. बाकड्यावर बसलो होतो तेव्हा माहीत असतं तर उठलो नसतो. तुम्ही कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या, लेखी अर्ज न्या, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. मी पोच न घेता निघालो.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. क्रूझ कंपनीच्या फोनवर पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं, मग एका मुलीने सांगितलं की टर्मिनलच्या बाहेरची जबाबदारी कंपनीची नाही. मी म्हटलं, तुमच्या नावाची फीत घालून माणूस उभा आहे, तेवढं तरी गेटवर एक फलक लावा. "आपला अभिप्राय नोंदवला आहे." वयस्कर बाईच्या हातात मुदत कापलेली औषधं दिली जातात आणि त्याला अभिप्राय म्हणतात! मला पैशांपेक्षा याचा संताप येतो. तीच गोळी बायकोने दिली असती आणि आईला काही झालं असतं तर हीच माणसं मला हद्द विचारत बसली असती का?

मस्जिद बंदरला तो जिनाही शोधला. जागा सापडली. टेबल नाही, खोकी नाहीत. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्याने मान वर न करता सांगितलं, इथे दुकान कधीच नव्हतं.

मग मी बंदराच्या गेटपासून सीएसएमटीपर्यंत चालत गेलो, मुद्दाम घड्याळ लावून. पंधरा मिनिटं. स्टेशनजवळ, रुग्णालयाच्या आसपास मेडिकल उघडी. एकाला विचारलं, रविवारी? तो म्हणाला, "रविवारी पण असतो ना, पेशंटला रविवार असतो का?" त्या रविवारी सकाळचे चार तास आम्ही तिथून हाकेच्या अंतरावर इडली खात होतो. टॅक्सीने गेलो असतो तरी काळ्या-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, दीड किलोमीटरला. त्याच्या जरा पुढे क्रॉफर्ड मार्केट, शाल-स्वेटर, चपला, बॅगा, काय हवं ते. चार्जर फोर्टच्या फुटपाथवर मिळतो, फक्त लावून बघून घ्या.

म्हणून सांगतो, बॅगा गेटवर नाही, स्टेशनवर उघडून बघा. रेल्वेने येणाऱ्यांनी सीएसएमटी सोडायच्या आधी गोळ्या, चष्मा, चार्जर, ओळखपत्रं एकदा हातात घेऊन मोजा. औषधाची पट्टी कापून देणाऱ्याला म्हणा, मुदत छापलेली बाजू मला दे. नाही म्हणाला तर तिथून निघा. बिलावर औषधाच्या परवान्याचा नंबर नसेल तर ते बिल नव्हे. क्यूआरवर दुकानाचं नाव आलं नाही तर पिन टाकू नका. गळ्यातलं कार्ड उलटं असेल तर सुलट करायला सांगा, राग आला तर येऊ दे. टॅक्सीत बसलात की आधी मीटर टाकायला सांगा. छापील किमतीहून जास्त मागितले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाने काही दाखवलं तर दोन मिनिटं थांबून बघा.

आईने परत आल्यापासून हा विषय काढलेला नाही. रोज सकाळी गोळी घेण्याआधी पट्टी मागच्या बाजूने माझ्यासमोर धरते आणि विचारते, "ही बरोबर आहे ना रे?" मी तारीख मोठ्याने वाचून दाखवतो.

पुढच्या सोमवारी पुन्हा मुंबईला जातोय. अर्जाच्या दोन प्रती काढल्यात, दोन्ही पेमेंटचे यूटीआर नंबर, म्हणजे त्या त्या व्यवहाराचे क्रमांक, लिहिलेत, आणि त्या तीन कापलेल्या पट्ट्या पाकिटात घालून ठेवल्यात. या वेळी पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.