फायरफॉक्सचं अपडेट, दुकान बंद करताना: काही महिने वापरल्यावर

आमचं झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. प्रवेशाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्या मशीनवर फायरफॉक्सच्या अपडेटची सेटिंग बदलली आणि तेव्हापासून तशीच ठेवली आहे. घरी एकट्याने ब्राउझर वापरणाऱ्याला यातलं बरंचसं निरर्थक वाटेल. काउंटरवर बसणाऱ्याला लगेच कळेल.

सेटिंग साधी आहे. सेटिंग्ज, जनरल, खाली ‘फायरफॉक्स अपडेट्स’. तिथे दोनच पर्याय दिसतात: अपडेट आपोआप चढव, किंवा शोधत राहा पण चढवायचं की नाही ते मला विचार. मी दुसरा निवडला. ‘कधीच शोधू नकोस’ हा तिसरा पर्याय पूर्वी असायचा, तो २०१८ मध्ये ६३व्या आवृत्तीपासून काढून टाकला. जुन्या सवयीचे लोक अजून तो शोधत बसतात. विंडोजवर ही सेटिंग त्या इन्स्टॉलेशनपुरती एकच असते, म्हणजे मी माझ्या लॉगिनमधून बदलली की काउंटरवरच्या पोराच्या लॉगिनलाही लागू. प्रत्येक प्रोफाइल उघडून बदलत बसावं लागलं नाही, हे बरं झालं.

आता याची गरज का पडली ते सांगतो. अपडेट चढल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, आणि फायरफॉक्स उघडे टॅब परत आणून देतो. ऐकायला छान. पण प्रायव्हेट विंडोतले (बंद केली की लॉगिन आणि इतिहास पुसणाऱ्या विंडोतले) टॅब परत येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर प्रायव्हेट कशाला म्हणायचं! आमच्याकडे मात्र जवळजवळ सगळं काम प्रायव्हेट विंडोतच चालतं. एका गिऱ्हाइकाचं लॉगिन पुढच्याच्या फॉर्ममध्ये घुसू नये म्हणून प्रत्येकाला नवी विंडो. फॉर्म अर्धा भरलाय, फोटो-सही अपलोड झालीय, ओटीपी येऊन टाकलाय, आणि कोपऱ्यात ‘रीस्टार्ट करा’ असं बटण आलंय. काउंटरवरच्या मुलाला समोर येईल ते बटण दाबायची सवय. त्याने दाबलं की पालक आपल्याकडे बघतात आणि आपण कॅप्चाकडे. मग पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, आणि ओटीपी ज्या नंबरवर येणार तो फोन घरी आजोबांच्या खिशात.

दुसरा प्रकार नवीन टॅब उघडताना दिसतो. ब्राउझर चालू असताना मागच्या मागे डिस्कवरच्या फायली बदलल्या गेल्या, तर नवीन टॅब उघडायचं तो नाकारतो आणि ‘वापरत राहायचं असेल तर रीस्टार्ट करा’ असं पान दाखवतो. कारण तसं रास्त आहे. चालू असलेला मुख्य प्रोग्राम जुना आणि टॅबसाठी सुरू होणारी प्रक्रिया नव्या फायलींची, दोघांचं जुळत नाही. एकाच मशीनवर दोन लॉगिन चालू असतील तर याची शक्यता जास्त. विचारून चढवायला लावल्यापासून ते पान आमच्याकडे दिसलेलं नाही.

आमची पद्धत आता अशी: संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की मेनू, हेल्प, ‘अबाउट फायरफॉक्स’. ती खिडकी उघडली की तो लगेच शोधतो, असेल तर तिथेच बटण देतो. आधीची आवृत्ती फार जुनी नसेल तर फक्त बदललेला भाग उतरतो, त्यामुळे गल्ला मोजून होईपर्यंत काम संपतं. अपडेटच्या त्याच सेटिंगखाली असलेली बॅकग्राउंड सर्व्हिसची (मागच्या मागे अपडेट चढवणाऱ्या सोयीची) खूण मात्र काढू नका. ती असली की विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागत नाही, आणि मी नसलो तरी पोरगा अपडेट करू शकतो.

दिवसा अपडेट आलं तर मेनूच्या बटणावर छोटा ठिपका आणि अधूनमधून एक सूचना येते. ती ‘नंतर’ म्हणून घालवता येते, पण पुन्हा येतेच. सुरुवातीला वैताग आला होता. आता वाटतं, येते तेच ठीक, नाहीतर हंगामात कोणाच्या लक्षात राहणार?

यापुढे जाऊन अपडेट पूर्ण बंदही करता येतं. इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्ये ‘डिस्ट्रिब्यूशन’ नावाचा फोल्डर करून त्यात पॉलिसीची, म्हणजे ब्राउझरसाठी नियम लिहिलेली, जेसन फाइल ठेवायची. त्यानंतर सेटिंग्जच्या पानावर ‘तुमचा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते’ अशा अर्थाची ओळ येते. (संस्था म्हणजे मी आणि आमचा टेबल फॅन.) एका मशीनवर करून पाहिलं आणि काढून टाकलं. हा ब्राउझर रोज दुसऱ्यांचे आधार, बँक पासबुक, मार्कशीट हाताळतो. ९ ऑक्टोबर २०२४ ला फायरफॉक्स १३१.०.२ आलं, ते अशा एका त्रुटीसाठी की जिचा वापर करून प्रत्यक्ष हल्ले चालू होते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने कळल्यापासून २५ तासांत दुरुस्ती बाहेर काढली. ती संध्याकाळपर्यंत थांबवणं मला चालेल, दिवाळीपर्यंत नाही. शिवाय १४ मार्च २०२५ ला अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी) खरे आहेत का ते तपासायला लागणाऱ्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि त्यामुळे १२८ च्या आधीच्या आवृत्त्यांवर (११५.१३ आणि त्यापुढचं ईएसआर, म्हणजे रूप आणि सोयी वर्षानेच बदलणारं फायरफॉक्स, सोडून) अ‍ॅड-ऑन बंद पडण्याची वेळ आली. अपडेट कायमचं बंद करून निवांत बसलेल्यांनाच त्याचा फटका.

दोन मशीनवर साधं फायरफॉक्स न ठेवता ईएसआर टाकलं आहे. त्याबद्दल एक गैरसमज बराच ऐकतो की ईएसआरला अपडेट वर्षातून एकदाच येतं. तसं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या साधारण चार आठवड्यांनी येतातच. वर्षाने बदलतं ते रूप आणि सोयी. म्हणजे रीस्टार्टची कटकट फारशी कमी होत नाही, पण बटणं आपल्या जागी राहतात. नवीन पोराला काम शिकवताना याचा फायदा झाला.

क्रोमही ठेवलं आहे, काही साइट त्याच्यावरच नीट चालतात. विंडोजवरच्या क्रोममध्ये साध्या वापरकर्त्याला असा पर्याय सेटिंग्जमध्ये मिळत नाही. अपडेट उतरतं आणि कोपऱ्यातली खूण आधी हिरवी, चारेक दिवसांनी नारिंगी, आठवड्याने लाल होते. तो स्वतःहून बंद होत नाही, त्यामुळे रोज रात्री मशीन बंद करणाऱ्याला त्रास जवळपास नाहीच. पण प्रायव्हेटसारखी इन्कॉग्निटो विंडोही रीलाँचनंतर (बंद करून पुन्हा चालू केल्यावर) जातेच, म्हणून तो रंग काउंटरवर बसणाऱ्याला आधी समजावून सांगावा लागतो.

फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये मला हवी असलेली एक गोष्ट नाही: वेळ. ‘रात्री नऊनंतरच चढव’ असं लिहायला जागा नाही. क्रोममध्ये कंपन्यांच्या अ‍ॅडमिनसाठी रीलाँचची वेळ ठरवायची पॉलिसी आहे. तसलं काही छोट्या दुकानदाराला साध्या सेटिंग्जमध्ये मिळालं तर मी ‘अबाउट’ची खिडकी उघडायचं सोडून देईन. तोवर ते काम शटर ओढणाऱ्याकडेच आहे, आणि तो विसरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत करायचं असं ठरलेलं आहे.

कोपऱ्यात एक जुनं विंडोज ७ चं मशीन आहे. त्यावर चालणारी शेवटची मालिका ११५ ईएसआर, त्याच्या पुढचं फायरफॉक्स तिथे चढतच नाही. त्यावर आता फक्त स्कॅनर जोडलेला आहे, कोणाचं लॉगिन त्यावर करत नाही.