परत फिरणाऱ्या विश्वासणाऱ्याने कोणते मराठी शास्त्र घ्यावे?

ख्रिस्ती घरात वाढून, बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मंडळीपुढे विश्वासाची जाहीर कबुली) होऊन, पुढे नोकरीच्या धावपळीत, एखाद्या कौटुंबिक आघातात किंवा निव्वळ आळसात ज्यांचे वचन वाचणे सुटले, प्रार्थना ओठांवरच राहिली आणि चर्चला जाणे नाताळ व ईस्टरपुरते उरले, अशी माणसे आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला जेव्हा पुन्हा आरंभ करावासा वाटतो, तेव्हा बहुधा पहिला प्रश्न अगदी व्यावहारिक असतो: कोणते शास्त्र, म्हणजे बायबल, विकत घेऊ? बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या पुनर्संपादित मराठी ‘पवित्र शास्त्रा’चे हे परीक्षण त्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. अभ्यासकाला किंवा सेमिनरीच्या विद्यार्थ्याला लागणाऱ्या गोष्टी निराळ्या असतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

मराठीत छापील शास्त्राची परंपरा जुनी आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी 1811 साली नवा करार मराठीत आणला तो मोडी लिपीत, आणि त्यानंतर एकोणिसाव्या शतकभर सुधारणा होत होत आजच्या भाषांतराची घडण तयार झाली. मंडळीत पाळक वाचतात, आजी पाठ म्हणते आणि संडे स्कूलमध्ये पोरे घोकतात ती वचने बहुतेक ठिकाणी याच भाषांतरातली असतात. परत येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा या आवृत्तीचा सर्वांत मोठा गुण आहे, असे माझे मत आहे. लहानपणी कानावर पडलेले वाक्य तेवीसाव्या किंवा एक्कावन्नाव्या स्तोत्रात जसेच्या तसे समोर आले की, मध्ये गेलेली वर्षे देवाने मोजून धरलेली नाहीत, ही जाणीव मनाला आपोआप शिवते.

एक्कावन्नावे स्तोत्र तर या आवृत्तीत सावकाश वाचावे. शीर्षातच सांगितले आहे की, दावीद बथशेबेजवळ गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, त्या वेळचे हे स्तोत्र आहे. म्हणजे दावीद राजाचा परस्त्रीगमनाचा अपराध वाचकापासून लपवलेला नाही. तरीही पहिली ओळ अपराधापासून सुरू होत नाही. ‘हे देवा, तू आपल्या वात्सल्यानुसार माझ्यावर कृपा कर’ अशी ती आहे. पापाची कबुली त्यानंतर येते, आणि शुद्ध हृदयाची मागणी त्याहून पुढे, दहाव्या वचनात येते. दावीद नवे हृदय कमावण्याचे वचन देत नाही, ते देवाने उत्पन्न करावे म्हणून मागतो. नव्या वर्षाचे संकल्प करून फेब्रुवारीत खजील झालेल्या विश्वासणाऱ्याने हा क्रम लक्षपूर्वक पाहावा, कारण आरंभ कोणाच्या हातात आहे याचे उत्तर या क्रमातच आहे.

मांडणीविषयी थोडक्यात: दोन स्तंभांत मजकूर, परिच्छेदांना उपशीर्षके, आणि समांतर वृत्तांत असतील तेथे त्यांचे संदर्भ. उपशीर्षकांमुळे ज्याला अध्याय-वचन आठवत नाही त्यालाही हवा तो भाग चटकन सापडतो. शास्त्रासाठी वापरतात तो पातळ कागद येथेही आहे, म्हणून पेनाने खुणा करणाऱ्यांनी पेन्सिल वापरलेली बरी. चाळिशी ओलांडलेल्यांनी मोठ्या अक्षरांची प्रत मागून घ्यावी. किंमत सामान्य कुटुंबाला परवडेल अशी ठेवण्याचे सोसायटीचे धोरण आहे, ही कौतुकाची गोष्ट आहे.

भाषेविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ‘नीतिमत्त्व’, ‘अभिवचन’, ‘प्रायश्चित्त’ असे शब्द मंडळीत रुळलेल्या माणसाला सहज समजतात, पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या तिशीतल्या मुलाला रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय या भाषेत पहिल्या वाचनात उलगडणे कठीण आहे. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाची वाक्ये मुळातच लांब आहेत आणि येथे ती लांबच ठेवली आहेत. पत्रे वाचताना शेजारी मराठी समकालीन आवृत्ती, म्हणजे सोप्या भाषेतले अलीकडचे भाषांतर, ठेवावी, हा त्यावर साधा उपाय आहे. ती मोबाइलवर विनामूल्य मिळते.

सर्वसामान्य स्त्रियांना वाचता यावे म्हणून सोप्या मराठीची ही तळमळ पंडिता रमाबाईंना शंभर वर्षांपूर्वीच लागली होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे भाषांतरात घालवली आणि 1922 च्या एप्रिलमध्ये काम हातावेगळे करून देवाघरी गेल्या. संपूर्ण शास्त्र 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. वैधव्य, दुष्काळ आणि परित्याग यांतून आलेल्या ज्या स्त्रियांना केडगावात नवे आयुष्य मिळाले, त्यांच्यापैकी अनेकींचे हात त्याच्या छपाईला लागले आहेत. ते भाषांतर आज रोजच्या वाचनात फारसे दिसत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

या पुस्तकाची खरी उणीव वेगळीच आहे, आणि ती परत येणाऱ्यालाच अधिक जाणवते. साध्या प्रतीत स्पष्टीकरणाच्या टीपा नसतात. अशा वाचकाच्या हाती इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय एकट्याने पडला, तर चौथ्या ते सहाव्या वचनांपाशी तो थबकतो. एकदा प्रकाश मिळून मग पतित झालेल्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे, असे तेथे म्हटले आहे, आणि हे आपल्यालाच उद्देशून आहे असे समजून पुस्तक मिटणारी माणसे असतात. वास्तविक तोच लेखक नवव्या वचनात आपल्या वाचकांना प्रियजन म्हणून संबोधतो व त्यांच्याविषयी याहून चांगल्या गोष्टींची खात्री असल्याचे सांगतो, आणि अध्यायाच्या शेवटी आशेला जिवाचा नांगर म्हणतो. ज्याला आपण पतित झालो याचे दुःख होते आहे आणि जो ख्रिस्ताकडे वळू पाहतो आहे, त्याला घालवून देण्यासाठी ही वचने लिहिलेली नाहीत. हे सांगणारी दोन ओळींची टीप तेथे असती तर अनेकांचे पाऊल अडखळले नसते. तोपर्यंत हा अध्याय पाळकांबरोबर किंवा घरातल्या जाणत्या माणसाबरोबर वाचावा.

म्हणूनच वाचन उत्पत्तीपासून सलग सुरू करण्याचा हट्ट मी कोणालाही सांगणार नाही. नियमांनी भरलेल्या लेवीय या पुस्तकापाशी तो बहुधा संपतो. वर्षभरात शास्त्र संपवण्याच्या मोबाइलवरील योजनाही सुरुवातीला नकोत, कारण चुकलेले दिवस त्या नेमाने मोजून दाखवतात आणि आधीच ओशाळलेल्या मनावर आणखी ओझे टाकतात. त्यापेक्षा लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढावा. तेथल्या दृष्टान्तात, वाटणी घेऊन घर सोडलेल्या आणि सारे उधळून बसलेल्या धाकट्या मुलाने परदेशात बापासमोर म्हणायचे भाषण तयार केले होते. त्यातले शेवटचे वाक्य, मला मोलकऱ्याप्रमाणे ठेवा हे, त्याच्या तोंडून निघण्याआधीच बापाने उत्तम झगा आणण्यास सांगितले. मग योहानाचा एकविसावा अध्याय वाचावा. शिष्य पेत्राने ख्रिस्ताला नाकारले तेव्हा तो मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा होता, आणि तिबिर्या समुद्राच्या काठी पुनरुत्थित प्रभूने त्याला न्याहारीला बोलावले तेव्हाही समोर कोळशांचाच विस्तव होता. तीन नकारांच्या जागी ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ असे तीन प्रश्न आले, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांची जबाबदारी त्याच्यावर सोपवली गेली. प्रभूने त्याला तो प्रसंग विसरायला लावले नाही. त्याच जखमेवर हात ठेवून त्याला पुन्हा कामाला लावले. नव्या सुरुवातीविषयी इतके नेमके लेखन मला दुसरीकडे आढळलेले नाही.

यानंतर विलापगीताचा तिसरा अध्याय घ्यावा, तोही पहिल्या वचनापासून. रोज सकाळी नवी होणारी करुणा या अध्यायातली आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण ती ओळ उद्ध्वस्त यरुशलेमेच्या मध्यभागी, वीस वचनांच्या आक्रोशानंतर येते. सुटी निवडून भिंतीवर लावलेली ती ओळ गोड वाटते. जागेवर वाचली की तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

दुकानात गेल्यावर ही तीन ठिकाणे उघडून उभ्याउभ्या वाचून पाहावीत. अक्षर डोळ्यांना झेपत असेल आणि पुस्तक एका हातात नीट धरता येत असेल, तर ती प्रत घ्यावी. भेट म्हणून देणार असाल तर पहिल्या पानावर उपदेश लिहू नये. नाव, तारीख आणि फिलिप्पैकरांस पत्र 1:6 एवढे पुरे; ज्याने चांगले काम आरंभले तो ते सिद्धीस नेईल, असे ते वचन आहे.