जादा भत्ता की थोडा अधिकार?

जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात किंवा डाळमिलमध्ये माणसं टिकवायची, तर मॅनेजरपुढे दोन वाटा असतात: उत्पादनावर जादा भत्ता, नाहीतर कामावर थोडा अधिकार.

भत्त्याचा गुण पगाराच्या दिवशीच दिसतो. हमालीसारख्या मोजता येणाऱ्या कामाला तो चोख बसतो. मशीनवर मात्र आकडा गाठायच्या नादात माल खराब निघू शकतो.

अधिकार देणं साहेबाला जड जातं. बिघडलेलं मशीन ऑपरेटरनं न विचारता थांबवायचं, मे महिन्याच्या उन्हात पाळी पहाटे लावायची का हे कामगारांनी ठरवायचं, म्हणजे साहेबानं केबिन सोडून खाली यायचं आणि चांगल्या कामाचं कौतुक चारचौघांत करायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं ते असं: पगार तुटपुंजा असला की नाराजी येते, पण उमेद येते ती जबाबदारीतून आणि कौतुकातून. (त्यांनी मुलाखती घेतल्या त्या अमेरिकेतल्या इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या. पोती उचलणाऱ्यांच्या नव्हे!)

म्हणून माझा कौल असा: रोजंदारीवरच्या माणसाला आधी पैसे, तेही वेळेवर. कायम ऑपरेटरला मात्र मशीन थांबवायचा अधिकार याच महिन्यात द्यावा. त्यासाठी मालकाकडे पैसे मागायला जावं लागत नाही.