दोन लिटरचा फवारणी पंप, निंबोळी तेल आणि जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात पंपाचा वायसर गेला आणि दट्ट्या कितीही मारला तरी टाकीत दाब टिकेनासा झाला. ग्राहक सेवा केंद्राने वायसर सुटा मिळत नसल्याचे सांगून नवा पंप घेण्याचा सल्ला दिला, तो मला अजिबात पटला नाही. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत तसाच वायसर वीस रुपयांत मिळाला. तेलकट द्रावण टाकीत राहिले की रबर फुगते, असे दुकानदाराचे म्हणणे पडले. त्यामुळे फवारणी संपताच साबणाच्या पाण्याने पंप धुणे आवश्यक आहे.

असे असूनही मी हा पंप बदलणार नाही आणि त्याचे कारण त्याचे पितळी नोझल आहे. ते आवळले की धुके पडते आणि सैल केले की सरळ, बारीक धार निघते. सोबतच्या माहितीपत्रकात संपूर्ण झाडावर धुके मारायला सांगितले आहे, ते साफ चुकीचे वाटते, कारण त्यात उमललेली फुलेही भिजतात. पिठ्या ढेकूण, म्हणजे पिठासारखी पांढरी दिसणारी रसशोषक कीड, बसतो तो पानांच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी आणि पानाच्या पाठीवर. तिथे नेमकी धार मारता आली तर फुलाला थेंबही लागत नाही. नुसत्या पाण्याच्या जोरदार धारेनेच निम्म्याहून अधिक कीड खाली पडते, हे लक्षात आल्यावर तेलाविषयीचे माझे मत बदलले. आता लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण हे मिश्रण मी फक्त उरलेल्या किडीवर, तेही सूर्यास्तानंतर मारतो. त्या वेळी सातेरी आणि फुलोरी मधमाश्या गच्चीवर नसतात आणि उन्हाने तेलातला कडू अंशही लगेच निकामी होत नाही.

रोपवाटिकेत इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक सुचवले गेले होते. ते झाडाच्या रसात मिसळून परागात आणि मधुरसात उतरते आणि मधमाश्यांना घातक ठरते, म्हणूनच युरोपीय संघाने 2018 मध्ये त्याच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. ज्या पुण्यात 1962 पासून मधमाश्यांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथे हे औषध चार कुंड्यांसाठी सहज हातात ठेवले जावे, याचे मला दुःख होते.

आणखी एक गोष्ट फवारणीपूर्वी भिंगातून पाहावी. कपाशीमुळे कुप्रसिद्ध झालेला आणि जास्वंदीवरही येणारा हा ढेकूण, फेनाकॉकस सोलेनोप्सिस, मूळचा अमेरिकेतला. पण त्याच्या शरीरात अंडी घालणारी एनासियस ही चिमुकली गांधीलमाशी आपल्याकडेही आढळते. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी मात्र असा मित्रकीटक 2010 मध्ये पोर्तो रिकोहून मुद्दाम आणावा लागला होता. फुगीर, तपकिरी, कडक झालेले ढेकूण दिसले तर ती पाने धुऊ नयेत आणि तोडूही नयेत, कारण आतून नव्या गांधीलमाश्या बाहेर पडायच्या असतात. ढेकणांच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या या माश्यांना हुसकावतात, म्हणून मी खोडाला कागद गुंडाळून त्यावर वंगणाचा पट्टा दिला आहे. मुंग्या अडवायला कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवणे डेंग्यूच्या डासांमुळे टाळले. पट्टा दिल्यापासून तेलाची बाटली फारशी उघडावी लागलेली नाही.