माझदा एमएक्स-५ (२०२४, २.० मॅन्युअल): गाडी सांभाळून घेते, पण कुठपर्यंत?

ही गाडी घेतोय म्हटल्यावर जर्मनीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "दोनच सीट? आई-बाबा आले की कुठे बसवणार?" आणि दुसरा, "एडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारं इलेक्ट्रॉनिक्स, काय काय आहे यात?" पहिल्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्यावर मात्र बोलण्यासारखं खूप आहे, कारण स्पोर्ट्स कार म्हटली की लोकांचे दोनच पंथ. एक म्हणतो इतकं इलेक्ट्रॉनिक्स असल्यावर ड्रायव्हरला काय काम उरलं, दुसरा म्हणतो खरा ड्रायव्हर सगळं बंद करून चालवतो. दोघंही उगाच बोलतात असं माझं मत ही गाडी चालवून झालंय.

आधी गाडी. २ लिटर इंजिन, टर्बो नाही, १८४ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), वजन ११०० किलोच्या आसपास, सहा गिअर आणि ताकद मागच्या चाकांना. इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत बिनधास्त जातं आणि गिअर लिव्हर इतका आखूड की मनगट हललं की गिअर पडला. छप्पर हातानेच उघडायचं, मधला एकच खटका सोडायचा आणि मागे ढकलून दाबायचं, सिग्नल सुटायच्या आत काम होतं. डिकी १३० लिटरची, म्हणजे आठवड्याचा बाजार बसतो पण त्यात तांदळाची दहा किलोची पिशवी असेल तर बाकीचं बायकोच्या मांडीवर. पॅसेंजरसमोर ग्लव्हबॉक्सच नाही, त्याऐवजी दोन सीटच्या मधे मागे एक कप्पा आहे, हात पिरगाळून उघडावा लागतो. उंच माणसांनी आधी बसून बघा, नाहीतर गुडघे स्टिअरिंगला लागतात म्हणून नंतर रडाल.

आता मुद्द्यावर. एबीएस आहे, डीएससी म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल आहे (गाडी घसरायला लागली की एकेक चाक वेगळं ब्रेक करून तिला सरळ ठेवणारी सिस्टिम), हे इथल्या सगळ्याच नव्या गाड्यांत असतं. यात केपीसी नावाचा एक प्रकार आहे, २०२२ च्या मॉडेलपासून आला. जोरात वळताना मागचं आतल्या बाजूचं चाक अगदी हलकं ब्रेक होतं, त्यामुळे मागून उचलली जाणारी बॉडी खाली ओढली जाते आणि गाडी कमी झुकते. वेगळा पार्ट नाही, वजन वाढलेलं नाही, आहे त्याच ब्रेकवर सॉफ्टवेअरचं काम, आणि चालवताना ते चाललंय हे कळतसुद्धा नाही. मला असली मदत आवडते. २०२४ ला डीएससी-ट्रॅक म्हणून मोड आला, त्यात गाडी थोडी घसरू देतात, अगदी गिरकी घ्यायला लागली की मगच सिस्टिम मधे पडते. मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग, तोसुद्धा नवीन आहे, ॲक्सिलरेटर सोडून वळणात शिरताना मागची बाजू आता जास्त शांत राहते.

पण हे सगळं करतं काय, हे कोरड्या रस्त्यावर कळत नाही. त्यासाठी इथे ड्रायव्हिंग सेफ्टी ट्रेनिंगला जावं, आणि मी तर म्हणतो ही गाडी घेणाऱ्याने अलॉय व्हीलच्या आधी त्यावर पैसे घालावेत. तिथे जमिनीत एक हायड्रॉलिक प्लेट बसवलेली असते आणि पुढे पाणी सोडलेला गुळगुळीत पट्टा. पुढची चाकं प्लेटवरून गेली आणि मागची आली की प्लेट एकदम डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकते, कुठे ते आधी माहीत नसतं, आणि मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखी गाडी आडवी होते. डीएससी चालू असताना ताशी चाळीसला डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा फडफडला, खालून ब्रेकची करकर ऐकू आली आणि थोडं स्टिअरिंग मारल्यावर गाडी सरळ. डीएससी बंद करून त्याच वेगात गेलो तर पुढचं दृश्य मला उलट्या दिशेने दिसलं. मग परत चालू केलं आणि वेग थोडासाच वाढवला, तरी गिरकी! सिस्टिम तीच, पाणी तेच. ग्रिप टायर आणि रस्त्यात असते तेवढीच, कॉम्प्युटर ती फक्त वाटून देतो, नवीन आणत नाही.

म्हणून "खरा ड्रायव्हर सगळं बंद करतो" हे ऐकलं की मला हसू येतं. अरे, तुला पाय एक, ब्रेक पेडल एक. डीएससी चारांतलं एकच चाक वेगळं दाबतं, ते तू कसा दाबणार? ते माणसाचं काम नाहीच. माणसाचं काम त्याच्या आधीचं, वळणाच्या अलीकडे वेग कमी करणं, नजर लांब ठेवणं, वजन पुढे-मागे कसं सरकतंय ते ओळखणं, वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम न सोडणं. ओल्या रस्त्यावर वळणात किती वेगाने शिरायचं हे कुठलाच स्टॅबिलिटी कंट्रोल तुमच्यासाठी ठरवत नाही.

मोठ्या गाड्यांचं गणित वेगळं, हे मान्य. पोर्शे करेरा जीटीला ६१२ पीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोलच नाही, भल्याभल्यांना घाम फोडायची. तेच फेरारीने २०१३ च्या ४५८ स्पेशालेपासून साइड स्लिप कंट्रोल दिलं, गाडी किती आडवी होऊ द्यायची याचा हिशेब कॉम्प्युटर करतो आणि चालवणाऱ्याला वाटतं मीच हिरो. एवढी ताकद असेल तर हे पाहिजेच, त्यात कमीपणा कसला. फक्त त्या गाडीत तुमचं नेमकं काय चुकलं ते कळायला फार उशीर होतो, कारण ते कळेल इतक्या वेगाने रस्त्यावर जाताच येत नाही.

एमएक्स-५ मधे ते साध्या वेगातच कळतं. ब्लॅक फॉरेस्ट या इथल्या डोंगराळ जंगलातला बी ५०० रस्ता, बाडेन-बाडेन ते फ्रॉयडनश्टाट, ऑक्टोबरात ओला पाचोळा पडलेला असतो. तिथे मी त्या पिवळ्या दिव्याला मास्तर केलंय. डीएससी पूर्ण चालू ठेवायचं आणि दिवा लुकलुकला की समजायचं, आपण कुठेतरी हाता-पायाची घाई केली. गाडी वाचली म्हणून खूश व्हायचं नाही, आता काय केलं ते आठवायचं. हळूहळू दिवा गप्प राहायला लागतो आणि गंमत म्हणजे तेव्हा आपण आधीपेक्षा फास्ट असतो.

डोक्यात जातो तो टुंग-टुंग प्रकार. जुलै २०२४ पासून युरोपात नव्या गाड्यांना स्पीड लिमिटची वॉर्निंग कंपल्सरी आहे, बंद करता येते पण पुढच्या वेळी गाडी चालू केली की पुन्हा हजर. हा युरोपियन युनियनचा नियम आहे, एकट्या माझदाला शिव्या देऊ नका. याच नियमांपायी टोयोटाने जीआर८६ ही स्पोर्ट्स कार इथे दोनच वर्षं विकली, हे मात्र जिवाला लागलं. केपीसी गपचूप काम करतं म्हणून हवंसं वाटतं आणि हे सारखं कानाशी ओरडतं म्हणून लोक पहिल्या मिनिटात बंद करतात, मग सेफ्टी कसली?

पुण्याचे मित्र विचारतात म्हणून सांगतो, ही गाडी भारतात विकत नाहीत. इथे असाल, घरात दुसरी गाडी असेल आणि क्लच मारायचा कंटाळा नसेल तर डोळे झाकून घ्या. ॲपल कारप्ले छान चालतं, सीट लांबच्या प्रवासाला जरा कडक आहे, आणि हायवेवर १३० च्या पुढे छपरातून इतका आवाज येतो की फोन उचलूच नका.